झुंबरबाई कधी जेवतात

झुंबरबाईंची आणि माझी ओळख खाटेला खाट लागून झाली. बुलढाण्याच्या आमच्या डायलिसिस सेंटरात सकाळच्या पाळीला खिडकीजवळची खाट माझी आणि तिच्या अलीकडची त्यांची. मी एसटीत कंडक्टर होतो. जन्मभर माणसं चढवली, उतरवली, सुट्ट्यावरून त्यांच्याशी भांडलो, पण कुणाच्या शेजारी चार तास निवांत बसलो नव्हतो. निवृत्त झालो, मूत्रपिंडांनी हात टेकले आणि आठवड्यातून तीनदा एकाच जागी बसून करायचा हा प्रवास नशिबी आला. सोबतीला झुंबरबाई मिळाल्या. त्या एका बाबतीत नशिबाविषयी माझी काही तक्रार नाही.

बाई धाड गावाच्या पुढच्या एका खेड्यातल्या. घरची शेती चांगली, खाणारी तोंडं बरीच, दोन सालदार गडी, शिवाय आला-गेला कायमचा. वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने दणकट आणि आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांचं अनुपमा सिस्टरशी वाजलं. मशीनसाठी डाव्या हाताची शीर जोडलेली, म्हणून त्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत, असं सिस्टरने सांगितलं. नवरा समोर उभा असताना हात उघडा ठेवायचा म्हणजे काय, असं बाईंचं म्हणणं. सिस्टर बोलायला गोड, पण हट्टाला पक्की. शेवटी बाईंनी डाव्या हातातल्या सगळ्या बांगड्या काढून उजव्या हातात चढवल्या. तेव्हापासून त्यांचा एक हात मोकळा आणि दुसरा अर्ध्यापर्यंत भरलेला असे. पाणी मागायला त्या हात वर करत तेव्हा सगळ्या हॉलला कळे.

भांडखोर म्हणाल तर बाई भांडखोरच. पण एकदा पटलं की मग नियम मोडायच्या नाहीत. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी सांगितलं, तर तेवढंच पाणी सकाळी तांब्यात भरून ठेवायच्या आणि तांब्या संपला की तोंड बंद. डाळ कमी म्हणजे कमी. दूध नाही, शेंगदाणे नाहीत, चिवडा नाही. भाजी उकळून पाणी फेकून द्यायचं, तर त्यांची वेगळी भाजी वेगळ्या पातेल्यात शिजे. नाहीतर आम्ही. मी पोटात काय काय ढकलतो ते इथे लिहीत नाही, कारण सिस्टर वाचेल. सांगायचा मुद्दा एवढाच, की आमच्या पाळीत पथ्य कुणाचं कडक असं विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी बाईंकडे बोट दाखवलं असतं.

आणि तरी दर महिन्याला रक्त तपासलं की माझा फॉस्फरस बरा निघायचा आणि बाईंचा चढलेला.

हा फॉस्फरस म्हणजे काय भानगड आहे ते मला आधी माहीत नव्हतं. डॉक्टरांनी एकदा खाटेशेजारी स्टूल ओढून नीट समजावलं. आपण खातो त्या बहुतेक सगळ्यात तो असतो, डाळीत, दुधात, शेंगदाण्यात तर भरपूर. चांगली मूत्रपिंडं जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाकतात. आमची ती टाकत नाहीत, आणि मशीनलाही तो पुरता काढता येत नाही. मग तो रक्तात साचतो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, पण खरा घात होतो तो हृदयाचा. फॉस्फरस आणि कॅल्शियम मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत बसतात, हृदयाच्या झडपेवर थर धरतात, आणि जे लवचिक असायला हवं ते कडक होत जातं. डायलिसिसवरची माणसं मूत्रपिंडाच्या दुखण्याने कमी आणि हृदयाने जास्त जातात, हे त्यांनी आम्हाला स्पष्टच सांगितलं. त्याला उपाय दोन, पथ्य आणि गोळी. पथ्य बाई पाळत होत्या. गोळीही घेत होत्या.

गोळी घेताना तर आम्ही त्यांना दर खेपेला पाहत होतो. मशीन सुटलं की बाई डबा उघडायच्या, पहिला घास घ्यायच्या, गोळी चावून खायच्या, मग बाकीचं जेवण. शंका घ्यायला जागाच नव्हती. डॉक्टर दर महिन्याला विचारायचे, गोळी जेवणासोबत घेता ना. बाई म्हणायच्या, हाव, एक टाइम चुकत नाही. मग डॉक्टर विचारात पडायचे आणि गोळ्या वाढवून द्यायचे.

दिवाळीनंतर बाईंच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. झडपेवर थर धरायला लागला होता. डॉक्टरांनी त्या दिवशी उकंडरावांना, म्हणजे बाईंच्या यजमानांना, आणि मुलगा गोविंदा याला बाजूला बोलावलं. बोलावलं बाजूला, पण हॉल केवढा, आम्ही सगळे ऐकत होतो. फॉस्फरस असाच राहिला तर हे वाढत जाईल, एकदा बसलेला थर निघत नाही, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही, असं ते म्हणाले. उकंडराव म्हणजे सहा फुटी माणूस, मिश्या पांढऱ्या, बैलाला एका हाताने वळवणारा. तो तिथल्या बाकावर बसला तो बराच वेळ उठला नाही.

गोविंदाला मात्र राग आला. त्याचाही दोष नाही, घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. पथ्य आहे, गोळी आहे, तरी फॉस्फरस चढतो, म्हणजे माय काहीतरी चोरून खाते, असा हिशोब त्याने मांडला. घरी जाऊन शेंगदाण्याचा डबा, खारी डाळ, मुरमुरे, सगळं त्याने आपल्या खोलीत नेऊन ठेवलं. लहान पोरांना सांगून ठेवलं, की आजी काही खाताना दिसली की मला येऊन सांगा. पोरं बिचारी इमानदार. आजी कण्या पाखडायला लागली तरी पळत सांगायला जायची.

बाईंना हे लागलं. एवढी मोठी घरधनीण, जिच्या हाताखालून सगळ्या घराचं धान्य गेलं, तिच्यावर नातवंडं पहारा करायला ठेवली. रागाच्या भरात एक दिवस त्या अन्नाला शिवल्या नाहीत, नुसत्या गोळ्या तेवढ्या वेळच्या वेळी घेतल्या. पुढच्या खेपेला सेंटरात आल्या तेव्हा चेहरा उतरलेला. मशीन लागल्यावर छताकडे पाहत, माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"भाऊ, गजानन महाराजाची शपथ घेऊन सांगतो, म्या काही चोरून खात नाई. तुमाले तरी खरं वाटते काय?"

"वाटते," मी म्हणालो. आणि खरंच वाटत होतं. इतकी वर्षं फुकटे पकडले, खोटं बोलणारा माणूस डोळ्यांनी ओळखू येतो. या बाईच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. पण मला वाटून उपयोग काय, झडपेला थोडंच वाटतं. त्या रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मरण आलं तर येऊ दे, पण चोरीचा आळ घेऊन जायचं नाही. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पुढे काही दिवसांनी मी धाडला माझ्या भाचीकडे गेलो होतो. आमचा डायलिसिसचा दिवस नव्हता आणि गावात बाजार होता. बाजारात उकंडराव भेटले. मला बघितल्यावर त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा दंडच धरला. जेवल्याशिवाय जायचं नाही. मी म्हटलं, पथ्याचं आहे माझं. ते म्हणाले, आमच्याही घरी पथ्याचंच शिजते. त्यापुढे काय बोलणार. जीपमध्ये बसलो आणि त्यांच्या गावी गेलो.

घर मोठं, समोर ओसरी, आत स्वयंपाकघर, तिथे गॅस आहे पण भाकरीला चूल. बाकी सगळा स्वयंपाक सून करते, सुचिता तिचं नाव, मोठी गुणी पोरगी. पण भाकर झुंबरबाईंचीच. दुसऱ्या कुणाच्या हातची उकंडरावांच्या गळ्याखाली उतरत नाही, असं त्या घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं, आणि बाईंना ते धरून ठेवलेलं आवडत होतं. दुखण्याने त्यांचं बरंच काही हातातून गेलं होतं, चूल तेवढी राहिली होती.

आम्ही ओसरीत बसलो. उकंडराव, गोविंदा, दोन सालदार आणि मी. दार उघडं होतं, आत चुलीपुढे बसलेल्या बाई दिसत होत्या. वांग्याची भाजी, वरण, ज्वारीची भाकर. माझ्यासाठी उकळून केलेली भाजी वेगळी. ताटात भाकरी पडल्या तशी सुचिता आत गेली, फळीवरचा डबा काढला, दोन गोळ्या सासूच्या तळव्यावर ठेवल्या, पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी गोळ्या चावल्या, घोटभर पाणी घेतलं आणि पुढची भाकर थापायला घेतली.

उकंडरावांनी मला कोपर मारून ते दाखवलं. आमच्या ताटात भाकर पडली की तिच्या हातात गोळी पडते, एक दिवस खंड नाही, असं ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. मीही मान डोलावली. अशी सून मिळायला भाग्य लागतं, असंही म्हणालो. मग माझ्या खिशातली गोळी काढली, घासासोबत चावली आणि जेवलो. भाकर अशी होती की पथ्य विसरून अर्धी जास्त खाल्ली.

जेवण झालं. उकंडरावांनी मला गोठ्यात नेलं, नवी बैलजोडी दाखवली. बैलजोडी दाखवणाऱ्या माणसाला घाई नसते. तिचे दात, तिची शिंगं, ती आणताना झालेला सौदा, सगळं ऐकून आम्ही परत आलो तेव्हा पोरं जेवून खेळायला पळाली होती आणि शेजारची एक बाई पीठ न्यायला येऊन बसून गेली होती. झुंबरबाई चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवत होत्या. मी निरोप घ्यायचा म्हणून दारात उभा राहिलो आणि सहज विचारलं.

"बाई, तुमी कधी जेवता?"

"आता बसून राह्यली ना भाऊ. सगळ्यायचं झालं म्हणजे मंग आमचं."

एवढंच त्या बोलल्या. मीही बरं म्हणालो आणि चपला घालायला वाकलो. एक चप्पल पायात गेली आणि दुसरी हातातच राहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आम्ही ताटावर बसलो त्याला दीड-दोन तास झाले होते. म्हणजे गोळी पोटात गेली तेव्हा पोटात काहीच नव्हतं, आणि आता पोटात जेवण जाणार तेव्हा गोळी नाही.

मी चप्पल टाकली आणि परत आत गेलो. सुचिताला विचारलं, आता गोळी देशील का. ती म्हणाली, दिली ना मामा, तुमच्यादेखत. रात्री काय करता, मी विचारलं. रात्रीही तसंच, बाबांचं ताट वाढलं की गोळी. आणि आई जेवतात कधी. सगळं आवरल्यावर. किती दिवसांपासून असं. पहिल्यापासून.

उकंडराव आणि गोविंदा दारात येऊन उभे राहिले. माझा आवाज चढला असावा. मला त्यांना नीट समजावता येईना, डॉक्टरांसारखं बोलता येत नाही. मग मला येतं तसं सांगितलं. "गाडीत पॅसेंजर चढाच्या आधीच कंडक्टर उतरून गेला तर तिकीट कोण फाडन? ते गोळी म्हणजे कंडक्टर आहे. जेवणासंगं पोटात पाह्यजे, तवाच ते फॉस्फरसले धरते. तुमी कंडक्टर रिकाम्या गाडीत पाठवून राह्यले, अन् पॅसेंजर मांगून सगळे फुकट चालले."

सुचिताच्या हातात झाकणी होती, ती तिने खाली ठेवली आणि तिला रडू फुटलं. आपल्या हाताने आपण सासूला रिकाम्या पोटी गोळ्या चारल्या, हे तिच्या मनात बसलं. झुंबरबाई चुलीपासून उठल्या, सुनेच्या डोक्यावरून राखेचाच हात फिरवला आणि म्हणाल्या की तू टाइमावर दिली, म्या टाइमावर घेतली, रडतं काऊन. मग त्यांची नजर गोविंदावर गेली. त्यांनी त्याला काही म्हटलं नाही. गोविंदा आपल्या खोलीत गेला आणि शेंगदाण्यांचा डबा आणून फळीवर ठेवला.

डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ते स्टूल ओढून बसले. म्हणाले, मी दर वेळी विचारलं, जेवणासोबत घेता का, आणि यांनी दर वेळी हो म्हटलं, दोघांचंही खरंच होतं. घरातलं जेवण आणि त्यांचं जेवण वेगळ्या वेळी असतं का हे विचारायचं मला सुचलं नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाईंच्या गोळीत कॅल्शियम होतं. जेवणासोबत घेतली की ती जेवणातल्या फॉस्फरसला धरून पोटातूनच बाहेर काढते, पण रिकाम्या पोटी तेच कॅल्शियम रक्तात जास्त जातं. म्हणजे फॉस्फरस उतरत नाही म्हणून गोळ्या वाढवल्या आणि वाढलेल्या गोळ्या थराला खतपाणी घालत होत्या. त्यांनी लगेच गोळी बदलून कॅल्शियम नसलेली दिली. आणि सांगितलं, तुम्ही जेवाल तेव्हा गोळी घ्या, एवढंच करा.

एवढंच करणं सोपं वाटलं होतं. झालं नाही. बाईंच्या जेवणाला वेळच नव्हती. एके दिवशी पाहुणे आले म्हणून संध्याकाळ झाली. एके दिवशी उभ्याउभ्याच कोरभर भाकर खाल्ली, तिला त्या जेवण म्हणेनात. गोळी फळीवर आणि बाई गोठ्यात. सुचिताच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. सासूसाठी उकळून केलेली वेगळी भाजी बहुतेक वेळा शेवटपर्यंत उरतच नसे, कुणी ना कुणी वाढून घेई, आणि बाई कुणाला कळू न देता पातेल्याच्या तळचं घट्ट वरण भाकरीशी लावून उठत. पथ्य पाळत होत्या ते आपल्या हातात होतं तितकं. हे सुचिताने डॉक्टरांना नीट सांगितलं. डॉक्टरांनी उकंडरावांना बोलावलं आणि सांगून टाकलं, की पहिली ताटं वाढाल तेव्हा त्यांचं ताट त्यात पाहिजे. गोळी ताटातच ठेवायची.

बाई या निकालावर सगळ्यात जास्त चिडल्या. कोर्टाचा निकाल कैदीसुद्धा ऐकतो, ही बाई ऐकेना. नवऱ्याच्या, सालदारांच्या, पाहुण्यांच्या सोबत बसून खायचं, लोक काय म्हणतील. घास उतरणार नाही घशाखाली. आणि भाकरी कोण टाकणार. माझ्याशी तर दोन खेपा बोलल्याच नाहीत, जणू सगळी आग मीच लावली. एका अर्थी लावली होतीच.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, मशीनवर, हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानाने हळू. पहिल्या दिवशी सुचिता चुलीपुढे बसली. बाईंना ओसरीत ताटावर बसवलं. त्या बसल्या, उठल्या, मीठ आणायला गेल्या, परत बसल्या, भाकर जाड झाली म्हणून आत ओरडल्या, परत उठल्या. उकंडरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"गोविंदाची माय, तू बसल्याबिगर म्या जेवत नाई. उठशीन तर संगं म्याही उठतो."

बाई बसल्या. सालदार खाली मान घालून जेवत होते, बिचाऱ्यांना कुठे पाहावं कळेना. बाईंनी घास तोडला, गोळी चावली, जेवल्या. त्या मला म्हणाल्या, भाऊ, भाकर चुलीवरून सरळ ताटात आली, वाफ निघत होती, बोटं भाजत होती. माहेर सुटल्यापासून अशी भाकर खाल्ली नव्हती, आणि ते कधी आठवलंही नव्हतं. हे सांगताना त्या हसत होत्या, आणि डावा हात मशीनला, उजव्याला बीपीचा पट्टा, म्हणून डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. अनुपमा सिस्टरने पुसले.

मग ते त्या घराच्या अंगवळणी पडलं. अडलं ते भाकरीवर. सुचिता टाकते त्या उकंडरावांच्या गळ्याखाली उतरतात की नाही याची सगळ्यांना धास्ती होती. उतरल्या. माणसाने मुकाट्याने तितक्याच खाल्ल्या. बाईंना त्याचा थोडा राग आला, तो त्यांनी मला सांगितला आणि वर म्हणाल्या की यांना सांगू नका. एका रविवारी गोविंदा स्वतः चुलीपुढे बसला. त्याची भाकर परातीतून तव्यावर पोचेपर्यंत तिचे दोन तुकडे झाले, ते आईच्या ताटात वाढले. बाईंनी ते दोन्ही संपवले. अशी भाकर कुत्रंसुद्धा खाणार नाही, असं त्या मला म्हणाल्या, पण तोंडभर हसून.

अंगाची खाज आधी कमी झाली. मग पुढच्या महिन्याच्या तपासणीत फॉस्फरस उतरला, आणि त्याच्या पुढच्याही महिन्यात उतरलेलाच राहिला. डॉक्टर घाईने आनंद दाखवणारे नव्हेत. हृदयाची सोनोग्राफी परत होऊ दे, मग बोलू, म्हणाले. ते मधले महिने आमच्या हॉलमधले सगळेच जरा जपून बोलत होतो.

परवा तो रिपोर्ट आला. उकंडराव आणि गोविंदा दोघंही आले होते. डॉक्टर फेरीवर आले, बाईंच्या खाटेशी थांबले आणि या वेळी कुणाला बाजूला घेतलं नाही. झडपेवरचा थर होता तेवढाच आहे, वाढलेला नाही. हृदय चांगलं काम करतंय. फॉस्फरस साडेपाचच्या आत, म्हणजे हवा तिथे. असंच चालू ठेवा, काळजीचं कारण नाही. शेवटचे शब्द ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी मशीनवर आहे हेच विसरलो आणि हात उचलला, सिस्टर ओरडली. उकंडरावांनी टोपी काढून तोंड पुसलं. गोविंदा आईच्या पायांशी उभा होता. तो सगळ्यांसमोर म्हणाला, माय, चुकलं माझं, म्या तुले चोर ठरवलं. बाई म्हणाल्या, जाऊ दे बे, लेकरू आहेस.

सगळे खूष झाले, पण बाई काही खूष दिसेनात. कपाळाला आठी. मी ओळखतो ती आठी, भांडायच्या आधीची. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तसा त्यांनी बांगड्यांचा हात वर केला.

"डॉक्टरसायब, फॉस्फरस तर उतरला. मंग आता म्या पह्यलेसारखं मांगून जेवाचं काय?"

डॉक्टरांना वाटलं, बाईंना तेच हवंय. ते जरा कडक आवाजात म्हणाले, अजिबात नाही, ताट पहिल्या ताटांसोबतच पाहिजे.

"अजून किती दिवस?"

"दिवस कसले आजी, कायम. जन्मभर."

आठी गेली. मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर होतो, मी ती जाताना पाहिली. बाईंनी उशीवर डोकं टेकलं, मग परत उचललं.

"जरा जोरानं सांगा, सायब. आमच्या यायले कमी ऐकू येते."

डॉक्टरांनी मोठ्याने सांगितलं. उकंडरावांचे कान ठणठणीत आहेत, गोठ्यात बैल खाकरला तरी त्यांना ओसरीत ऐकू येतं. पण ते बायकोकडे बघत हळूच म्हणाले, "हाव, ऐकलं. जन्मभर."